चार वर्षांनी मोठा

निकानोर ब्रिसेन्यो एकशे एक वर्षांचा आहे, असं सगळं लोमा सेका गाव म्हणतं. दुकानदार म्हणतो, पाद्री म्हणतो, दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणते, आणि सगळ्यांत मोठ्यानं तो स्वतः म्हणायचा. म्हणायचा, म्हणजे पूर्वी. गेल्या महिन्यापासून वयाचा विषय निघाला की त्याला खोकला यायला लागला. जो माणूस सात वर्षांत माझ्यासमोर एकदा खोकला नाही, तो नेमका वय विचारल्यावर खोकतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

मी कासिमिरा मातारिता. वय सत्त्याण्णव. यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खोटंच सांगायचं असतं तर मी कमी सांगितलं असतं.

सात वर्षांपूर्वी माझा मुलगा एलादियो गेला. चौसष्टाव्या वर्षी, जेवता जेवता, हातातला घास हातात. आईनं मुलाला माती द्यायची हे उलटं काम माझ्या वाट्याला आलं आणि मी अंथरूण धरलं. आजार कसलाच नव्हता. उठायचं कशासाठी, एवढंच कळत नव्हतं. चार महिन्यांत गुडघे आखडले, दंडाचं कातडं लोंबायला लागलं, भिंतीकडे तोंड करून मी पडून असायची. माझी मुलगी सिनिया राजधानीहून, सान होसेहून आली आणि तिनं माझं गाठोडं बांधलं. तिचं घर सातव्या मजल्यावर. तिथे ना अंगण, ना चूल, ना कोंबडी. तिथे मी सहा महिनेही टिकले नसते, हे तिला कळत होतं आणि मलाही. पण दोघींपैकी कोणी ते बोललं नाही.

निकानोर तेव्हा नुकताच समोरच्या घरात राहायला आला होता. जन्मभर गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर घोड्यावर बसून राबलेला गडी. लहानपणी आम्ही दोघं याच गावचे, पण मी आठ वर्षांची असताना बापानं आम्हाला केळीच्या मळ्यांवर नेलं, आणि मी परतले ती आजी होऊनच. ब्रिसेन्यांच्या घरात पोरांची ही रांग होती. कोण थोरलं, कोण धाकटं, कोणाचं तोंड कसं, मला काही आठवत नव्हतं.

सिनियानं गाठोड्याला गाठ मारली त्याच पहाटे त्यानं माझ्या कुंपणावर काठी आपटली.

"कासिमिरा! वय काय गं तुझं?"

"नव्वद. मरू दे मला सुखानं."

"नव्वदच? मी चौऱ्याण्णव. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. माझी लाकडं फोडून झाली, ओढ्यावर जाऊन आलो, आणि तू अजून पडलीयेस? ऊठ, पोरी!"

पोरी! नव्वद वर्षांच्या बाईला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला चप्पल मारायची म्हणून मी उठले. चप्पल लागली नाही, कारण दारापर्यंत पोचायलाच मला इतका वेळ लागला की तो पुढे निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी जरा लवकर पोचले. आठव्या दिवशी कुंपणापर्यंत. महिन्याभरानं मी त्याच्यामागून ओढ्यापर्यंत चालत गेले, त्याला शिव्या देत देत, आणि सिनिया एकटीच सान होसेला परतली.

तेव्हापासून रोज. पाच वाजता काठी, "ऊठ, पोरी", मग ओढ्यापर्यंत जाऊन यायचं, येताना सरपणाची एक मोळी. घरी आल्यावर चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका पाट्यावर वाटायचा, भाकऱ्या थापायच्या, काळा घेवडा शिजवायचा. त्यानं कायदेच घालून दिले होते. जेवण उजेडी. पोटात एक कोपरा रिकामा ठेवायचा. खुर्चीतून उठताना हात टेकायचा नाही. अंगण वाकून झाडायचं, उभ्यानं नाही. मी कुरकुर केली की त्याचं उत्तर ठरलेलं, "मला जमतं तर तुला न जमायला काय झालं? मी चार वर्षांनी मोठा आहे." तोंड बंद करून मी मका वाटायची. दंड पुन्हा भरले. त्र्याण्णवाव्या वर्षी मी कोंबडीमागे पळून ती पकडली, हे अख्ख्या गावानं पाहिलंय.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग नोव्हेंबरात डॉक्टरीणबाई योर्लेनी आल्या. पोरगी हुशार आहे, नातीच्या वयाची, मला मानानं 'दोन्या' म्हणते, पण वहीत फार लिहिते.

"दोन्या कासिमिरा, बातमी ऐकलीत का? बारा डिसेंबरला, कुमारीमातेच्या सणाला, नगरपालिका मानाचा पट्टा घालून दॉन निकानोर यांचा सत्कार करणार आहे. तालुक्यातले सर्वांत वयोवृद्ध! शाळेपासून ओढ्यापर्यंतच्या चालण्याच्या वाटेला त्यांचं नाव देणार."

"त्या वाटेनं मीही चालते," मी म्हणाले.

"तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात ना," ती हसून म्हणाली. "फक्त एक करायचंय. त्यांच्या ओळखपत्रावर जन्मसाल आहे, पण बाप्तिस्म्याची जुनी वही वाळवीनं खाल्लीय. पाद्री म्हणतात, त्यांना लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी चार लोकांसमोर दोन शब्द बोलू दे. असं माणूस गावात एकच उरलंय. तुम्ही."

निकानोर तिथेच होता. आनंदानं मिशीला पीळ द्यायचं सोडून त्यानं तोंड फिरवलं आणि खोकला. तो त्याचा पहिला खोकला.

मग बाईंनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली. खुर्चीत बसायचं, हात छातीशी बांधायचे, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. मी अकरा वेळा उठले. निकानोर चौदा. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. चार वर्षांनी मोठा माणूस माझ्यापुढे तीन उठाबशा? रोज एकच वाट, एकच घेवडा, एकाच विहिरीचं पाणी. मग ह्या जास्तीच्या तीन आल्या कुठून?

संशयाची पाल एकदा चुकचुकली की गप्प बसत नाही. मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. पाठीमागून चालताना त्याच्या मानेकडे बघायची, कानांकडे बघायची. म्हाताऱ्यांचे कान वाढतात. याचे कान मला माझ्यापेक्षा लहान दिसले. त्याच्या दातांवरून मी काही म्हणत नाही, ते त्याचे नाहीतच.

त्याच आठवड्यात ओढ्याला पाणी आलं आणि पार करायचा ओंडका वाहून गेला. निकानोरनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढले, विजार वर गुंडाळली. सात वर्षांत मी त्याचे पाय पाहिले नव्हते. तो बूट घालूनच जन्मला असावा असं मला वाटायचं. तो पाण्यात उतरला आणि त्याच्या डाव्या पोटरीवर मला डाग दिसला. भाजल्याचा, जुना, अर्धचंद्रासारखा.

मी काठावरच थांबले.

हा डाग मला ठाऊक होता. मी सात वर्षांची असताना शेजारच्या ब्रिसेन्यांचं एक गुटगुटीत पोर मी कडेवर घेऊन फिरायची. दीड-दोन वर्षांचं असेल. एके दिवशी हात अवघडले म्हणून मी त्याला चुलीपाशी खाली ठेवलं आणि त्यानं तापलेल्या तव्याला पाय लावला. तव्याच्या काठाचा अर्धचंद्र पोटरीवर उमटला. त्यापायी माझ्या आईनं मला जे बडवलं, ते नव्वद वर्षांत विसरले नाही. पोराचं नाव मात्र विसरले होते. त्याला सगळे 'गोळा' म्हणायचे.

"काय झालं, पोरी?" पलीकडून निकानोर ओरडला. "पाण्याला घाबरलीस?"

पोरी म्हणे! ज्याचं नाक मी माझ्या झग्याला पुसलं, तो मला पोरी म्हणतोय! पण चोर पकडायचा तर आधी मुद्देमाल हातात हवा.

दुसऱ्या दिवशी मी चालता चालता सहज विचारलं, "निकानोर, देवळाची घंटा बंदरावरून बैलगाडीनं आली, ते आठवतं का तुला?"

घंटा आली तेव्हा मी चार वर्षांची होते. तो म्हणतो तसा असेल तर आठ वर्षांचा असायला हवा.

"न आठवायला काय झालं?" तो म्हणाला. "आठ बैल होते. आई सांगायची, तिसऱ्या दिवशी..."

"आई सांगायची?"

"म्हणजे... मी पाहिलं. आईपण सांगायची."

"गाडीवाल्यांनी पोरांना काय वाटलं होतं रे?"

"नाणी," तो म्हणाला.

गुळाचे खडे होते ते. माझा खडा मी दोन दिवस पुरवून चोखला होता. नाणी कोण वाटणार, गव्हर्नरचा बाप? आणि तो खोकला.

आता एकच शोधायचं होतं. हा जर 'गोळा' असेल, तर ओळखपत्रावरचा निकानोर कोण? तुमच्याकडे कसं करतात मला माहीत नाही, पण आमच्याकडे त्या काळी मूल दगावलं की त्याचं नाव वाया जाऊ देत नसत. पुढच्या एखाद्या मुलाला तेच नाव द्यायचे. पाद्री वर्षातून दोनदा खेचरावर बसून येणार, नोंदणीची कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर. मग नाव तेच आहे तर कागदही तोच चालू दे, असं कितीतरी घरांत झालंय. माझ्या स्वतःच्या आत्यानं मेलेल्या बहिणीच्या कागदावर लग्न केलं आणि नवऱ्याला ती तीन वर्षांनी मोठी निघाली म्हणून भांडण झालं.

आणखी एक गोष्ट मला सात वर्षं खुपत होती. दर सोमवारी निकानोर ओढ्यावरून माझ्याबरोबर परतत नसे. "मका बघून येतो," म्हणून टेकडीच्या वाटेनं वर जाई. मका? त्यानं मका पेरल्याला तीन वर्षं झाली होती. मला वाटायचं, बाई असेल. असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण टेकडीवर घरच नाही. तिथे फक्त जुनं कबरस्तान आहे.

सणाच्या आठवड्यातल्या मंगळवारी तो आपल्या दातांसाठी तालुक्याला गेला होता. मी डोक्याला फडकं बांधलं, भाकरीत घेवडा गुंडाळून घेतला, आणि एकटी टेकडी चढले. सत्त्याण्णवाव्या वर्षी, दीड तासात. मध्ये दोनदाच थांबले आणि दोन्ही वेळा धापेसाठी नाही, तर मागे कोणी येतंय का ते बघायला.

ब्रिसेन्यांच्या कबरी चिंचेच्या झाडाखाली आहेत. मोठ्या कबरींमध्ये एक हातभर क्रूस, कोकोबोलोच्या काळ्या लाकडाचा. ते लाकूड सडत नाही. गुरांना डाग देतात तशा लोखंडानं त्यावर अक्षरं जाळलेली होती. मी बोटानं चाचपून वाचली. निकानोर ब्रिसेन्यो. अकरा महिने.

सापडला चोर!

मी हसले, मोठ्यानं हसले, मेलेल्यांसमोर लाज न बाळगता. माझा संशय खरा होता. हा निकानोर एकशे एक वर्षांचा नव्हता, ब्याण्णवचा होता फार तर. तालुक्यात सर्वांत मोठी मी होते. सत्कार माझा, वाट माझी, आणि तो तर कालचा पोरगा!

मग मला त्या क्रूसाभोवतालची जमीन दिसली. गवत कापलेलं. ताजं. एका डब्यात पिवळी फुलं, फार तर आदल्या दिवशीची. आदला दिवस सोमवार. म्हणजे त्याला ठाऊक होतं. म्हातारपणी माणूस आपलं वय विसरतो, गोंधळतो, हे मी समजू शकले असते. पण हा सात वर्षं दर सोमवारी येऊन खऱ्या निकानोरला फुलं वाहत होता आणि बाकीचे सहा दिवस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता.

उतरताना माझा वेग कमी झाला. का ते आधी कळेना. चिंचेपासून पहिल्या वळणावर मी दगडावर बसले. सात वर्षांत मी वाटेत कधी बसले नव्हते. आणि तिथे बसल्यावर मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला भीती वाटली. बोलावणं आलंच तर ते आधी समोरच्या घरी जाईल, मग माझ्याकडे येईल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्याला एकशे एकाव्या वर्षी लाकडं फोडता येतात, म्हणजे माझ्यापाशी अजून चार वर्षं आहेतच, असा माझा साधा हिशोब होता. आता माझ्यापुढे कोणी नव्हतं. ओळीत मीच पहिली होते. दगडावरून उठताना मी दोन्ही हात टेकले.

बुधवारी पहाटे काठी वाजली. "ऊठ, पोरी!"

मी भिंतीकडे तोंड केलं.

पुन्हा काठी वाजली. मग त्याची पावलं एकटीच ओढ्याकडे गेली.

दुपारी सिनिया आली, सत्कारासाठी म्हणून. दारात पिशवी ठेवायच्या आधीच तिनं मला पाहिलं. चूल विझलेली, मका भिजवलेला तसाच.

"आई, काय होतंय?"

"काही नाही. सत्त्याण्णव होतंय."

ती बिछान्यावर बसली. माझा गुडघा तिनं दाबून पाहिला. "बघ, मी भांडायला आले नाहीये. पण तुला हे एकटीनं झेपत नसेल तर उद्याचा कार्यक्रम झाला की माझ्याबरोबर चल. खोली तयार आहे." आणि ती उठून कपाटातलं जुनं गाठोड्याचं फडकं शोधायला लागली. मी तिला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही.

संध्याकाळी सिनिया दुकानात गेली तेव्हा निकानोर आत आला. सात वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आला होता. टोपी हातात.

"आजारी आहेस?"

"बूट काढ," मी म्हणाले.

"काय?"

"डावा बूट काढ, गोळ्या."

ते नाव त्यानं ऐंशी वर्षांत ऐकलं नसेल. तो खुर्चीवर बसला, हात न टेकता. बूट काही काढला नाही.

"टेकडीवर गेली होतीस," तो म्हणाला.

"गेले होते. अकरा महिन्यांचा निकानोर भेटला. तुझी आठवण काढत होता. लाज नाही वाटत? मेलेल्या भावाची वर्षं आपल्या नावावर घेऊन मिरवतोस! आता त्याच्या नावाची पाटीही लावून घे."

"लाज वाटते," तो म्हणाला. "कागदावर ते साल बापानं चढवलं. मी अकरा वर्षांचा असताना आईनं मला त्या क्रूसापाशी नेऊन सांगितलं, की तू दोघांचं जगायचंस. त्यानंतर मी ते साल कोणाला सांगितलं नाही. कुरणावर कोण वय विचारतं? घोड्यावर बसता येतं का, एवढंच विचारतात."

"मग मला का सांगितलंस?"

त्यानं टोपी गोल फिरवली. "सिनियानं गाठोडं बांधलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी काय म्हणायला हवं होतं, मी पंच्याऐंशीचा आहे, ऊठ? तू म्हणाली असतीस, तुझ्या वयात मीही उठत होते."

खरं होतं. अगदी हेच म्हणाले असते. पण मी इतक्या सहज विरघळणारी नाही.

"आणि नगरपालिकेचा पट्टा? तोही माझ्यासाठीच का?"

"एकदा तुला सांगितलं, मग दुकानदारानं ऐकलं, मग डॉक्टरीणबाईंनी." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "पट्टा थोडा आवडलाही मला. खोटं का बोलू?"

"अजून किती बोलायचं राहिलंय!"

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो," तो उठत म्हणाला. "वाट तुझ्या नावाची होईल. ती तुझीच आहे. पण कासिमिरा, चूल पेटव. सिनियानं विझलेली चूल पाहिली असेल तर ती तुला नेल्याशिवाय राहणार नाही."

तो गेला. खरं बोलला की आणखी एक गोष्ट रचून गेला, याचा मी रात्रभर विचार केला. माणूस एकदा सात वर्षं खोटं बोलला की त्याच्या खऱ्यालाही वास येतो. पण सात वर्षांपूर्वीची ती पहाट मी उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यात त्याचा कसला फायदा होता ते मला काही सापडलं नाही. चप्पल तेवढी मिळणार होती.

गुरुवारी शाळेच्या अंगणात मारिंबा वाजत होता. महापौर आले, पाद्री आले, तांदळाची पेज आणि केळीच्या पानात उकडलेल्या गोड तामालांची पातेली आली. वाटेच्या तोंडाशी पाटीवर कापड झाकलेलं होतं. निकानोरनं पांढरा सदरा घातला होता आणि खाली तेच रबरी बूट. सिनिया माझ्या शेजारी. माझं गाठोडं घरी दाराशी तयार होतं.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "दॉन निकानोर यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या आपल्या दोन्या कासिमिरा..."

"त्याआधी मला काही सांगायचंय," निकानोर उभा राहिला. टोपी हातात गरगर फिरत होती. चेहरा चुन्यासारखा. "मित्रांनो, माझं वय..."

आणि मी पाहिलं, की तो खरंच सांगणार आहे. तो खोटा नव्हता. निदान त्या क्षणी नव्हता. आणि तो बोलला की मी ओळीत पहिली, सगळ्या गावासमोर, कायमची. उद्या पहाटे कुंपणावर काठी वाजणार नाही, कारण कुठल्या तोंडानं वाजवणार? आणि दाराशी गाठोडं.

मी उठले.

"खाली बस!" मी ओरडले. "ह्याला खोकला झालाय, ह्याला बोलता यायचं नाही. मी सांगते. ह्याला कोण ओळखणार माझ्याइतकं? मी दीड वर्षाची होते तेव्हा ह्यानं मला कडेवर घेऊन फिरवलंय! धांदरट होता. एकदा मला चुलीपाशी ठेवलं आणि माझा पाय तव्याला लागून भाजला. त्यापायी आईचा मार खाल्लाय ह्यानं. विचारा ह्याला, खाल्ला की नाही?"

निकानोर माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, आईची आठवण आली.

"खाल्ला," तो म्हणाला.

लोक हसले, टाळ्या पडल्या. सिनिया माझ्या कानाशी लागली. तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय, कुठे काही मुरत असलं की तिला लगेच कळतं. "आई, तुझ्या पायावर भाजल्याचा डाग कुठाय? मी तुझे पाय किती वेळा चोळलेत."

"पुसला. नव्वद वर्षांत माणसं पुसली जातात, डागाचं काय घेऊन बसलीस?"

डॉक्टरीणबाईंनी निकानोरचे पाय दवाखान्यात कितीदा तपासलेत. त्यांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पेन वहीवर जरा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी वही मिटली.

"दोन्या कासिमिरा," त्या म्हणाल्या, "आत्ता खुर्चीतून हात न टेकता उठलात. फार चटकन."

"राग आला की येतं उठता," मी म्हणाले.

सिनियानंही ते पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनं गाठोडं सोडलं, कपडे कपाटात ठेवले, आणि फडक्याची घडी करून ते स्वतःच्या पिशवीत टाकलं. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी पावणेपाचलाच जागी होते. अंधारात कान कुंपणाकडे. पाच वाजले. काही नाही. कोंबडा आरवला. गेला वाटतं एकटाच, मी म्हटलं, पाटी मिळाली, आता कशाला येतोय!

मग काठी वाजली. हळूच. दार ठोठावतात तशी.

"ऊठ," निकानोर म्हणाला.

मी पडून राहिले. "नुसतं ऊठ? पुढचं काय झालं?"

बाहेर तो पायांची चुळबुळ करत होता. "कासिमिरा, आता तुला ठाऊक आहे की..."

"मला काहीएक ठाऊक नाही. म्हातारी बाई आहे, विसरते. सगळं बोल. पहिल्यापासून."

मग काठी कुंपणावर आपटली, सात वर्षांपूर्वी आपटली होती तशी.

"मी चार वर्षांनी मोठा आहे तुझ्यापेक्षा!" तो ओरडला. आवाज जरा चिरकला त्याचा. "लाकडं फोडून झाली माझी! ऊठ, पोरी!"

मी चप्पल हातात घेतली आणि उठले.